गोळीचे शेवटचे दोन इंच



नेमबाजीविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे आपले लक्ष प्रथम नेमबाजाकडे जाते. त्याचा रोखलेला श्वास, त्याची दृष्टी, चापावर हलकेच दाब वाढविणारे त्याचे बोट, यांविषयी पुष्कळ सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी नेमबाजास थोडा वेळ बाजूस ठेवणार आहे आणि रायफलीच्या नळीचे तोंड व त्याच्या पुढची दोन इंच जागा एवढ्यापुरतेच बोलणार आहे. चाप ओढला गेल्यावर नेमबाजाच्या हाती फारसे काही उरत नाही. तरीही गोळी लक्ष्यावर कोठे बसावयाची, याचा बराचसा निर्णय या दोन इंचांत व्हावयाचा असतो.

एक स्थिती कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. एका मनुष्याजवळ चांगली भरभक्कम रायफल आहे. शंभर मीटरांवर तिच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकाव्यात इतक्या जवळजवळ पडतात. दोष एकच, तिचा धक्का खांद्यास सोसवत नाही. म्हणून तो मनुष्य नळीच्या तोंडावर धक्का कमी करणारे एक साधन बसवून घेतो. धक्का खरोखरच कमी होतो; परंतु पाच गोळ्या आता तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. तो काडतुसे बदलून पाहतो, दुर्बीण आवळून पाहतो, आणि शेवटी आपला हातच गेला अशी त्याची समजूत होते. वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने आलेला आत्मविश्वास असा चार दिवसांत नाहीसा होतो. प्रत्यक्षात दोष त्याच्या हाताचा नसून कागदाच्या जाडीएवढ्या एका फटीचा असू शकतो. ही फट कोठली आणि ती एवढा अनर्थ कसा करते, हे समजावून घ्यावयाचे आहे.

या साधनास इंग्रजीत मझल ब्रेक म्हणतात; आपण त्यास मुखरोधक म्हणू. तो गोळीस रोधीत नाही, धक्क्यास रोधतो. दिसावयास ही पोलादाची एक लहानशी पोकळ नळकांडी असते. तिच्या आत एकापुढे एक आडव्या भिंती असतात. प्रत्येक भिंतीच्या मध्यभागी गोळी जाईल एवढे भोक असते आणि बाजूंना वायू बाहेर पडण्यासाठी झरोके असतात. गोळी भोकांतून सरळ निघून जाते. तिच्या मागून उसळणारे दारूचे वायू भिंतींवर आदळून बाजूस व मागे वळतात, आणि वळताना त्या भिंतींस, पर्यायाने सबंध रायफलीस, पुढे रेटतात. रायफल मागे येत असताना तिला पुढे ओढणारा असा एक हात मिळतो. चांगला रोधक धक्क्याचा तिसरा हिस्सा सहज कमी करतो. काही रोधक निम्म्यापर्यंतही मजल मारतात.

असा रोधक सर्वच रायफलींस लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची 0.55 इंची ‘बॉइज’ आणि सोव्हिएत रशियाची 14.5 मिलिमीटर ‘पीटीआरडी’ या रणगाडाभेदी रायफलींच्या तोंडावर तो होता. त्यांचा धक्का मनुष्याच्या खांद्याने एरवी सोसलाच नसता. आज अमेरिकेत व युरोपात मोठ्या शिकारी रायफलींवर आणि फार दूरच्या लक्ष्यांच्या स्पर्धांत तो दिसतो. उलट, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे रायफलींच्या स्पर्धांत मुखरोधक वर्ज्य आहे. 2010 साली म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळविणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, किंवा 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे, यांच्या 50 मीटर प्रकारातील बारीक काडतुसाच्या रायफलीस त्याची गरजही नसते. परंतु त्या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणून नळीचे तोंड निर्दोष असावे ही अट तेथेही तितकीच कडक आहे; आणि मुखरोधकाची सारी गोष्ट त्या तोंडापासूनच सुरू होते.

तेव्हा प्रथम नुसत्या नळीचाच विचार करू. दारू पेटल्यापासून गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत सेकंदाचा एक सहस्रांश किंवा त्याहून थोडा अधिक काळ जातो. एवढ्यात गोळी नळीतील मळसूत्री चरांत रुतून गरगर फिरू लागते. आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाची जी 0.303 इंची ली-एन्फील्ड रायफल, तिच्या नळीत दर दहा इंचांस एक वेढा असतो आणि गोळी सेकंदास सुमारे 2440 फूट वेगाने बाहेर पडते. म्हणजे ती सेकंदास सुमारे 2900 वेळा स्वतःभोवती फिरत असते. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तशीच ही फिरती गोळी आपले टोक पुढे ठेवून जाते.

आता गोळीचे बूड नळीच्या कडेवरून सुटण्याचा क्षण पाहा. तोपर्यंत तिच्या मागे कोंडलेल्या वायूंवर अजून शेकडो वातावरणांचा दाब असतो. बूड कडेवरून सुटताच हे वायू मोकळे होऊन गोळीपेक्षाही अधिक वेगाने धावतात. थोड्या अंतरापर्यंत ते गोळीस गाठून, वेढून, तिच्याही पुढे जातात. एर्न्स्ट माख आणि पीटर साल्शर यांनी विजेच्या ठिणगीच्या उजेडात टिपलेली उडत्या गोळीची छायाचित्रे 1887 साली प्रसिद्ध केली. पुढे त्याच तऱ्हेच्या छायाचित्रणाने नळीच्या तोंडाशी होणारा हा वायूंचा उद्रेकही डोळ्यांस दिसू लागला. त्या थोड्या अंतरात गोळी जणू उलट्या वाऱ्यात सापडलेली असते, वारा मागून पुढे वाहत असतो.

हा वारा सर्व बाजूंनी सारखा असेल तर गोळीचे काही बिघडत नाही. परंतु नळीच्या कडेस एके ठिकाणी खाच असेल, तर तेथून वायू किंचित आधी सुटतो आणि बुडाच्या त्या बाजूस ढुशी देतो. फिरती गोळी डळमळते, आणि डळमळत निघालेली गोळी नेमकी रेषा सोडते. ही ढुशी केवढी पुरते? एका अंशाचे साठ भाग केले तर एका भागास कला म्हणतात. दिशेत एका कलेचा फरक पडला तर शंभर मीटरांवर गोळी 2.9 सेंटिमीटर बाजूस जाते, आणि तीनशे मीटरांवर 8.7 सेंटिमीटर.

अमेरिकेतील फ्रँकलिन मॅन या डॉक्टराने आयुष्यातील कित्येक वर्षे या प्रश्नास वाहिली आणि 1909 साली आपल्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. नेमबाजाच्या हाताचा दोष मध्ये येऊ नये म्हणून तो नळी काँक्रीटच्या भक्कम ओट्यावर जखडून गोळ्या झाडीत असे. त्याने गोळ्या मुद्दाम विद्रूप करून पाहिल्या. काहींची टोके बिघडविली, काहींची बुडे. टोक बिघडलेल्या गोळ्यांनी फारसा दगा दिला नाही. बूड एका बाजूस बिघडलेल्या गोळ्या मात्र दूर भरकटल्या. टोकाविषयीच काळजी करणाऱ्या सर्वसाधारण समजुतीस हा मोठाच धक्का होता. नळीशी शेवटचा संबंध बुडाचा असतो, म्हणून बूड आणि नळीची कड या दोहोंत कोणतेही एकांगी व्यंग चालत नाही.

याचे घरगुती उदाहरण आपल्यापैकी राष्ट्रीय छात्रसेनेत गेलेल्यांस आठवेल. नळी साफ करण्यासाठी ‘पुल-थ्रू’ नावाची दोरी असते. ती तेलाच्या चिंधीसह नळीतून ओढावयाची, परंतु सरळ ओढावयाची, असे उस्ताद बजावून सांगत. तिरपी ओढलेली दोरी नळीच्या तोंडाशी एकाच बाजूस घासते. पोलादापुढे दोरीचे काय चालणार, असे वाटते; पण धूळ बसलेली दोरी वर्षानुवर्षे घासत राहिली म्हणजे विहिरीच्या काठावरील दगडासारखी ती कडही झिजते आणि एरवी उत्तम असलेली नळी निकामी होते.

ही भूमिका ध्यानात आली म्हणजे मुखरोधकाचे प्रकरण सोपे होते. गोळीस वायूंनी वेढण्याचा जो नाजूक प्रदेश मी सांगितला, नेमक्या त्याच प्रदेशात आपण पोलादाच्या भिंती उभ्या करतो. गोळीचा वेग सेकंदास आठशे मीटर धरला तर पन्नास मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच लांबीचा रोधक ती सेकंदाच्या सोळा हजाराव्या भागात ओलांडते. तेवढ्या वेळात भिंतींवर आदळून परतणारे वायू तिच्या चहूबाजूंस खळबळत असतात. ही खळबळ सर्वत्र सारखी राहावी, एवढेच काय ते मागणे आहे. ते पुरे व्हावयाचे तर तीन अक्षरेषा एकमेकींवर तंतोतंत पडाव्या लागतात: नळीच्या पोकळीची, रोधक ज्यांवर फिरवून बसवितात त्या आट्यांची, आणि रोधकातील भोकांची.

पहिली चूक येथेच होते. आटे पाडणारा कारागीर नळी लेथवर धरताना तिच्या बाहेरच्या अंगावरून मध्य काढतो. बाहेरून गोल दिसणारी नळी आतूनही मध्यावर पोकळ असेल असे तो धरून चालतो. परंतु लांब पोलादी गजात आरपार भोक पाडताना हत्यार थोडे तरी वाकडे जाते. पोकळी आणि बाहेरचे अंग यांचे मध्य एकच असतील असा भरवसा नसतो. म्हणून जाणता कारागीर बाहेरचे अंग मोजीत नाही. तो नळीच्या पोकळीत घट्ट बसणारी अचूक शलाका घालतो, तिच्यावर डायल गेजचा काटा टेकवितो, आणि नळी फिरविली असता काटा जवळजवळ निश्चल राहील असे करून मगच आटे पाडतो. त्याच मांडणीत तो नळीची कडही नव्याने कापून नितळ करतो.

दुसरी चूक खांद्याची. आटे जेथे संपतात तेथे नळीवर जो कंगोरा राहतो त्यास खांदा म्हणतात. रोधक शेवटी त्यावर टेकून घट्ट होतो. आट्यांस थोडी मोकळीक असतेच; रोधकास सरळ ठेवण्याचे काम मुख्यत्वे हा खांदा करतो. तो पोकळीशी काटकोनात हवा. आता एक लहान हिशेब करू. खांद्याचा व्यास वीस मिलिमीटर आहे आणि त्याच्या एका बाजूस लोखंडाचा कीस किंवा मळ अडकून दशांश मिलिमीटराची, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी, फट राहिली. वीस मिलिमीटरांस एक दशांश, तर रोधकाच्या पन्नास मिलिमीटर लांबीस पाव मिलिमीटर. म्हणजे रोधकाचे पुढचे भोक मध्यापासून पाव मिलिमीटर सरकले. भोकाचा व्यास गोळीच्या व्यासाहून सुमारे अर्धा मिलिमीटर अधिक ठेवण्याची पुष्कळ ठिकाणी प्रथा आहे. म्हणजे गोळीभोवती प्रत्येक बाजूस पाव मिलिमीटरच मोकळी जागा असते. एका कागदाने ती सारी खाऊन टाकली!

या वाकडेपणाचे परिणाम तीन पायऱ्यांचे असतात. वाकडेपणा मोठा असेल तर गोळी भिंतीवर आदळते. रोधक फुटतो, तुकडे उडतात, आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या जिवावर बेतू शकते. तेथे अचूकपणाचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या पायरीस गोळी भोकाच्या काठास निसटती घासते. रायफल धडधाकट दिसते, परंतु गोळ्या कोठेही जातात. भोकाच्या आत एका बाजूस तांब्याची चकाकणारी रेघ दिसली, तर समजावे की गोळीने आपल्या अंगावरचे तांबे तेथे ठेवले आहे. तिसरी पायरी सर्वांत फसवी. गोळी कोठेही घासत नाही, खूण राहत नाही. पण एका बाजूची फट अरुंद आणि दुसऱ्या बाजूची रुंद राहते. वायू रुंद बाजूने अधिक पळतो आणि गोळीवरचा दाब असमान होतो. लक्ष्यावरील पुंजका थोडा थोडा मोठा होत जातो आणि नेमबाज आपल्या बोटास दोष देत बसतो.

यावर कोणी म्हणेल की भोक चांगले मोठे ठेवावे म्हणजे झाले. ते थोड्या प्रमाणात खरे आहे. किंचित मोठ्या भोकाने अचूकपणा सहसा बिघडत नाही. मात्र वायू भिंतींस न अडखळता पुढे निघून जातो आणि धक्का कमी करण्याचे मूळ कामच उणे पडते. नेम आणि धक्का यांचा हा सौदा आहे, आणि बसविण्यातील कसब जितके चांगले, तितका तो स्वस्तात पटतो.

आणखी एका गोष्टीविषयी पुष्कळ गैरसमज आहे. सरळ बसविलेला रोधकही गोळ्या पडण्याचे ठिकाण बदलतो. बार होताच नळी छेडलेल्या तारेप्रमाणे थरथरते आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी तिचे तोंड ज्या दिशेस असेल तिकडे गोळी जाते. टोकास वजन जोडले की ही थरथर बदलते. यात दोष काही नाही. अमेरिकेतील ब्राउनिंग कंपनीने तर 1990 नंतरच्या दशकात मागेपुढे सरकविता येणारे वजन रोधकासह नळीच्या तोंडावर बसवून या गोष्टीचा उपयोगच करून घेतला. म्हणून दोन गोष्टींत भेद करावा. पुंजका तेवढाच घट्ट राहून सबंध पुंजका दोन बोटे खाली किंवा बाजूस सरकला, तर दुर्बिणीचे मळसूत्र फिरवून काम भागते. पुंजकाच विस्कटला, तर मात्र दुर्बिणीस हात लावून उपयोग नाही. बसविण्यात दोष आहे की काय हे पाहावे.

रोधक ढिला असेल तर प्रत्येक बारागणिक तो थोडा हलतो आणि नळीची थरथर दर वेळी निराळी होते. म्हणून तो घट्ट हवा; परंतु राक्षसी जोराने आवळून आट्यांखालची नळी ताणणेही घातक आहे. आटे पाडल्यामुळे तेथे भिंत मुळातच पातळ झालेली असते. झरोके दोन्ही बाजूंस सारखे यावेत म्हणून काही वेळा खांद्याशी चेपणारी चकती घालतात. ती एका बाजूस अधिक चेपली तर मघाचा कागद पुन्हा आलाच. त्यापेक्षा खांदा नेमका कापून घेणे, किंवा सपाट घासलेली चकती अथवा अचूक बनविलेली आवळपट्टीची चाकी वापरणे, हे श्रेयस्कर.

आता तपासणी कशी करावयाची ते सांगतो. प्रथम रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून बोल्ट काढून ठेवावा. मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे पाहिले असता नळीचे तोंड आणि रोधकाची भोके एकात एक ठेवलेल्या बांगड्यांप्रमाणे एकमध्य दिसावीत. डोळ्याने मोठा दोषच तेवढा कळतो. बारीक दोषासाठी पोकळीत सरकणारा अचूक सरळ गज घालून तो भोकांच्या मध्यातून जातो का ते कारागीर पाहतो. नंतर भोकांत तांब्याची रेघ किंवा एकाच बाजूस साचलेली काजळी आहे का ते पाहावे. काजळीचा थर कठीण होऊन वाढला म्हणजे चांगला बसविलेला रोधकही कालांतराने वाकड्यासारखा वागू लागतो. त्यास वेळोवेळी साफ करणे अवश्य आहे.

यानंतर खरी साक्ष लक्ष्याची. एकाच पेटीतील काडतुसे घेऊन, भक्कम टेकणावरून, रोधक लावून पाच बार आणि काढून पाच बार असे आलटून पालटून अनेक पुंजके घ्यावेत. नळी दर वेळी निवू द्यावी. एका पुंजक्यावरून निकाल देऊ नये, कारण चांगली रायफलही कधी वाईट पुंजका देते आणि वाईट रायफल एखादे वेळी चांगला. येथे आणखी एक सावधगिरी हवी. रोधक लावल्यावर पुंजका सुधारला तर त्याचे श्रेय नळीस मिळेलच असे नाही. धक्क्याच्या भीतीने बार होण्याआधीच अंग आकसून घेण्याची खोड पुष्कळांस असते. धक्का कमी झाला की ती जाते. सुधारणा मनुष्यात झालेली असते. रोधकामुळे वायूंचा आवाज मागे वळून नेमबाजाच्या कानांवर अधिक जोराने येतो, म्हणून कानांस चांगले संरक्षण असल्यावाचून असा बार कधीही करू नये.

आपल्या देशात 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे हत्यारांच्या दुरुस्तीचे काम परवानाधारकानेच करावयाचे असते. घरच्या सांडशीने रोधक फिरविण्याचा मोह कोणी धरू नये. परवानाधारक कारागिराकडे गेल्यावर मात्र दोन प्रश्न अवश्य विचारावेत: आटे पाडताना तुम्ही मध्य बाहेरच्या अंगावरून काढता की पोकळीवरून? आणि खांदा काटकोनात आहे हे कसे पाहता? जो कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही आणि आपली शलाका व आपले डायल गेज काढून दाखवितो, त्याच्या हाती रायफल खुशाल द्यावी.

आरंभी ज्या मनुष्याची कल्पना केली त्याच्याकडे पुन्हा वळू. त्याने हा रोधक काढून ठेवून पुन्हा पाच बार केले असते आणि पुंजका पूर्वीसारखा रुपयाएवढा आला असता, तर आपला हात जागच्या जागी आहे हे त्यास एका सकाळीच कळले असते. नेम चुकला म्हणजे प्रथम स्वतःची परीक्षा घ्यावी, ही आपली शिकवण चांगली आहे. तिच्या जोडीस हत्याराचीही परीक्षा घ्यावी, आणि ती नळीच्या तोंडापासून सुरू करावी, एवढेच मला सांगावयाचे होते.